उजवीकडची जागा

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, माझ्या बहिणीच्या उजव्या हाताचा अंगठा हलला. तो तिने हलवला नव्हता आणि तिला फिटही आलेली नव्हती. नाशिकमधल्या एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, मागे कलणाऱ्या खुर्चीत ती बसली होती. तिच्या डोक्याच्या डाव्या बाजूला एका तंत्रज्ञ बाईंनी इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराची कॉइल, तारेचं वेटोळं, धरली होती. कॉइलमधून ‘टक’ असा एकच आवाज आला. त्याच क्षणी, हाताला कोणाचाही स्पर्श नसताना, अंगठा तळहाताकडे उडाला आणि परत जागेवर आला.

पुढच्याच सेकंदाला आमची आई उठली आणि तिने तो अंगठा मुठीत गच्च धरला.

आईने असं का केलं हे सांगायचं तर तेवीस वर्षं मागे जावं लागतं.

बहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणतो. आमचं घर मखमलाबादच्या बाजूला आहे. घरामागे दीड एकर, त्यात शेवंती, झेंडू, थोडा गुलाब, बांधाला मेथी-कोथिंबीर. फुलं तोडायची, हार करायचे आणि गंगेपलीकडे, म्हणजे गोदावरीच्या पलीकडच्या काठाला, फुलबाजारात बसून विकायचे, हे घरातलं जुनं काम. मी ते सोडून वर्तमानपत्रात गेलो. ताईचा हात मात्र घरात सगळ्यांत चांगला. ती वेणी बांधायला लागली की दोऱ्याचा पीळ दिसत नाही, फक्त अंगठा वर-खाली होताना दिसतो आणि फुलं एकामागून एक रांगेत येऊन बसतात.

तिची पहिली फिट त्या अंगठ्यातूनच आली. ती एकोणीस वर्षांची होती, ओट्यावर बसून वेणी करत होती. अंगठा स्वतःहून उडायला लागला. मग मनगट, मग कोपर, मग खांदा, मग तोंड उजवीकडे ओढलं गेलं आणि ती फुलांच्या पाटीवर पडली. शुद्धीवर आल्यावरही तासभर तिला उजव्या हाताने पेला उचलता येईना.

त्यानंतर काही महिन्यांत आईच्या लक्षात एक गोष्ट आली. अंगठा उडायला लागताच कोणी तो घट्ट आवळून धरला, तर कधीकधी फिट मनगटाच्या वर चढत नाही. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. पुष्कळ वर्षांनी डॉक्टरांनी सांगितलं, की अशा फिटमध्ये हे काहींच्या बाबतीत होतं आणि वैद्यकशास्त्राला ते माहीत आहे. आमच्या घरात मात्र तोपर्यंत त्याची रीत झाली होती. ताईच्या उजवीकडे कायम कोणीतरी बसायचं. जेवताना, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, बाजारात. पाहुणे आले की आई आधी सांगायची, “तिच्या उजवीकडं बसा, आन अंगठ्यावर ध्यान ठेवा.” ताईला स्वतःला अंगठा कधी धरता आला नाही. डावा हात पोचेपर्यंत फिट कोपराच्या वर गेलेली असायची.

आईची समजूत अशी होती, की दुखणं अंगठ्यात आहे. तिथे काळा दोरा बांधून झाला. रोज रात्री तेल चोळून झालं. घोड्याच्या नालेच्या लोखंडाची एक अंगठी करून अंगठ्यात घातली, ती तिथेच राहिली.

औषधं आधी एक, मग दोन, मग तीन झाली. झोप वाढली, फिट तेवढ्याच राहिल्या. मी त्यांची नोंद ठेवायचो. कामाच्या सवयीने प्रत्येक नोंद वेळेपासून सुरू व्हायची: सकाळी सात दहा, कोपरापर्यंत, आईने धरला. दुपारी चार, पूर्ण, पडली, उजवीकडे कोणी नव्हतं. या शेवटच्या तीन शब्दांची नोंद महिन्यातून एकदा तरी असायची.

तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात एमआरआयमध्ये कारण दिसलं. मेंदूच्या डाव्या भागात, वरच्या थरात, ज्वारीच्या दाण्याएवढी एक जागा जन्मापासून नीट घडलेली नव्हती. तो दाणा काढता येईल, असं तिथले सर्जन म्हणाले. ताईने विचारलं, “हात राहील?” त्यांनी सरळ उत्तर दिलं. ती जागा उजव्या हाताची बोटं चालवणाऱ्या भागातच होती. फिट बहुधा थांबल्या असत्या, पण बोटांचं बारीक काम बहुधा गेलं असतं.

परत येताना, कसारा घाट चढून गेल्यावर, ताई एवढंच म्हणाली, “फिट जाणार आणि हात पण जाणार. मग हार काय पायानं करू?”

इगतपुरीला आम्ही चहा प्यायलो. तेव्हा मी तिला विचारलं, की फिट गेल्या असत्या तर तिने काय केलं असतं. तिने उजवीकडे बसलेल्या आईकडे पाहिलं आणि आवाज न उतरवता सांगितलं, “एक दिवस बाजारात एकटी बसले असते. उजवीकडची जागा मोकळी ठेवून. तिथं पाटी ठेवली असती मी.”

“पाटी धरंल का तुझा अंगठा?” आई म्हणाली.

“म्हणून तर नाही बसले ना अजून.”

नाशिकच्या डॉक्टरांनी चुंबकाचा विषय काढला तो यानंतर. त्यांच्याकडे चुंबकाचं एक यंत्र नैराश्याच्या रुग्णांसाठी होतं. त्यांनी मोजून बोलायचं ठरवलं असावं. औषधांना दाद न देणाऱ्या काही अपस्मार-रुग्णांमध्ये, फिट सुरू होण्याची जागा मेंदूच्या पृष्ठभागाजवळ असेल तर, या उपचाराने फिट काही आठवडे किंवा महिने कमी झाल्याचं दिसलं आहे, असं ते म्हणाले. काहींना काहीच फरक पडत नाही. हा पक्का ठरलेला उपचार नाही. यंत्रामुळेच फिट येण्याची थोडी शक्यता असते, म्हणून इंजेक्शन तयार ठेवून करायचं. औषधं चालूच राहतील.

“चुंबक म्हंजी सुई उचलतं ते?” आईने विचारलं.

“त्याच जातीचं. पण हे क्षणात चालू होतं, क्षणात बंद. त्या चालू-बंद होण्याने आत मेंदूत अगदी थोडी वीज तयार होते. कवटी उघडायची नाही, सुई टोचायची नाही, केससुद्धा कापायचे नाहीत.”

“आन लोखंड न लागता वीज आत जाती?”

“जाते.”

आईने डॉक्टरांच्या टेबलावरचा प्लास्टिकचा मेंदू बराच वेळ पाहिला. ताईने एकच प्रश्न विचारला, “हाताला काही होणार नाही ना?” डॉक्टर म्हणाले, आम्ही काही कापत नाही. ती म्हणाली, “मग करा.”

त्या बुधवारी तंत्रज्ञ बाईंनी आधी अंगावरचा सगळा धातू काढायला सांगितला. कानातलं, पिना, साखळी निघाली. अंगठ्यातली लोखंडी अंगठी निघेना, वीस वर्षांत पेर जाड झालं होतं. कापावी लागेल असं बाई म्हणाल्या. आईने पिशवीतून हाराचा दोरा काढला, अंगठ्याभोवती नखापासून वर घट्ट गुंडाळत नेला, टोक अंगठीखालून ओढून घेतलं आणि दोरा उलटा सोडवत अंगठी बाहेर आणली. तिच्याखाली पांढरा पट्टा होता. बाई म्हणाल्या, “मावशी, हे मला शिकवून ठेवा.”

आईने त्यांना गाव विचारलं. कांद्याच्या पट्ट्यातल्या, सटाण्याकडच्या निघाल्या.

“तरीच,” आई म्हणाली. “बोलणं कांद्यावानी हाय. चांगलं, पण डोळ्यात जातं.”

मग अकरा वीस झाले, ‘टक’ झालं, आणि आईने अंगठा धरला.

“मावशी, सोडा.”

“येतंय ना तिला.”

“येत नाहीये. मी आणलं.”

“तुम्ही आणलं?”

“हो. मुद्दाम.”

“आम्ही तेवीस वर्सं घालवतोय, आन तुम्ही मुद्दाम आणताय.”

या बोलण्याकडे ताईचं लक्ष नव्हतं. ती आईच्या मुठीतून बाहेर आलेल्या आपल्या नखाकडे पाहत होती. “मी नाही हलवला,” ती म्हणाली. मग तिने डावा हात उचलून, कॉइलच्या कडेला, डोक्याला बोट लावलं. “म्हणजे तो इथून हलतो.”

“तिथूनच,” बाई म्हणाल्या. “कायम तिथूनच हलत होता.”

गंगापूर धरणाचे दरवाजे उघडताना मी बातमीसाठी अनेकदा उभा राहिलो आहे. कुंभमेळ्यातली गर्दी एका पुलावरून मोजायचा प्रयत्न केला आहे. त्या खोलीत जे झालं ते एवढंसं होतं, की दारातून जाणाऱ्याला दिसलंही नसतं. वहीत मी त्या वेळी इतकंच लिहिलं: ‘टक. अंगठा. मध्ये केस, हाड आणि अडीच फूट हात. कोणी शिवलं नाही.’ अर्धं पान कोरं आहे.

बाईंनी समजावलं. आधी नेमकी जागा आणि नेमका जोर शोधायचा. दहा वेळा टक केल्यावर पाच वेळा तरी अंगठा हलेल असा कमीत कमी जोर. तो सापडला की त्याहून थोडा कमी जोर ठेवायचा आणि त्या दाण्यावर सेकंदाला एक, असं अर्धा तास द्यायचं. आठवड्यातून पाच दिवस, दोन आठवडे. “पाळण्यातल्या बाळाला थोपटतो ना, तसं,” त्या म्हणाल्या. “जोरात नाही. झोपेपर्यंत, एका लयीत.”

पण जोर सापडेना, कारण अंगठा हलला की आई तो धरायची. दुसऱ्या वेळी धरला. तिसऱ्या वेळी हात मागे बांधून उभी होती, तरी धरला. तिलाही ते कळत होतं. “मी नाय धरत, हातच जातो,” ती म्हणाली.

“मग हातावर बसा, मावशी.”

आई हातांवर बसली. टक झालं, तशी ती खांद्यासकट पुढे आली.

“खांद्यानं नका धरू फक्त,” ताई म्हणाली. खुर्चीत बसल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

आईला बाहेर पाठवावं असं मी सुचवलं. आई म्हणाली, “मला नुसता हात लावू द्या. आवळत नाय. लावलेला असला की जायाचा नाय.” बाईंनी परवानगी दिली. आईने ताईच्या अंगठ्याच्या मुळाशी, मांसल उंचवट्यावर, आपली तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटले.

बाईंनी जोर कमी केला. टक.

“आला,” आई म्हणाली.

अंगठा हलला नव्हता. मी पाहत होतो, बाईही पाहत होत्या. त्यांनी कॉइल तशीच ठेवून पुन्हा एकदा टक केलं.

“आला.”

“मावशी, आवाज ऐकून सांगताय तुम्ही.”

बाईंनी कॉइल दोन बोटं मागे सरकवली, जिथून अंगठ्याकडे काही जायला नको होतं. आवाज तोच झाला.

“नाय,” आई म्हणाली.

बाईंनी कॉइल खाली ठेवली आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी अंगठ्याच्या स्नायूवर दोन चिकट पट्ट्या लावल्या. त्यांच्या वायरी पडद्याला जोडल्या होत्या. स्नायूत डोळ्यांना न दिसणारी हालचाल झाली तरी पडद्यावरच्या रेषेला टेंगूळ येतं. पडदा आईला दिसणार नाही असा वळवला. आईची बोटं पट्ट्यांच्या बाजूला होती. बाईंनी दहा वेळा टक केलं, कधी जागेवर, कधी जागा सोडून, जोर कमी-जास्त करत. आई ‘आला’ किंवा ‘नाय’ म्हणत गेली. मी दोन रकाने आखून एका बाजूला तिचं म्हणणं आणि दुसऱ्या बाजूला पडद्यावरची रेष लिहीत गेलो.

दहाच्या दहा जुळले.

डॉक्टरांनी माझ्या हातातून वही घेतली, दोन्ही रकाने वरपासून खालपर्यंत पाहिले आणि परत दिली.

“सर, मावशींनाच ठेवून घेऊ,” बाई म्हणाल्या. “वायरी लावायचा वेळ वाचेल.”

“हिच्या अंगठ्याचंच येतं मला,” आई म्हणाली. “दुसऱ्या कोणाचं नाय येणार.”

जोर पडद्यावरून ठरला. ताईच्या डोक्यावर पोहताना घालतात तशी पातळ टोपी होती, तिच्यावर बाईंनी पेनाने फुली मारली. मग कानात बोळे घालून अर्धा तास. टक, टक, टक, सेकंदाला एक. अंगठा स्थिर होता. आईची तीन बोटं तो अर्धा तास तिथून हलली नाहीत. नंतर ताईला विचारलं तर म्हणाली, “कोणीतरी डोक्यावर सुपारी फोडतंय, पण दुसऱ्याच्या.”

दुसऱ्या दिवशी टोपी घसरायला लागली. बाईंनी केसांना हात लावून पाहिला.

“तेल कोणी लावलं?”

रात्री आईने, तेवीस वर्षांत पहिल्यांदा, अंगठ्याला तेल चोळलं नव्हतं. ताईला समोर बसवून, टोपीवर फुली कुठे होती ते आठवून, तिथला भांग पाडून तिने तेवढ्या जागेवर तेल जिरवलं होतं.

“तिथंच हाय म्हणालात ना तुम्ही,” आई म्हणाली.

“हो, पण तेल आत जात नाही, मावशी.”

“तुमचं तर लोखंड न लावता आत जातं.”

बाईंनी कापसाने केस पुसले. दोन आठवडे तेल बंद ठेवायला सांगितलं. आईने बंद ठेवलं.

एकूण दहा वेळा झालं. यंत्रावर असताना ताईला एकदाही फिट आली नाही. घरी मात्र त्या दोन आठवड्यांत नेहमीएवढ्याच आल्या, आणि तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी एक पूर्ण आली, ताई ओट्यावर पडली, हनुवटीला टाका पडला. आईने लोखंडी अंगठी डब्यातून काढून परत घालू का, असं मला विचारलं. मी म्हणालो, ताईला विचार. ताई नको म्हणाली.

चौथ्या आठवड्यापासून नोंदी बदलल्या. मी त्या आहेत तशा देतो. कोपरापर्यंत, आईने धरला. मनगटापर्यंत, आईने धरला. मनगटापर्यंत, आई पोचायच्या आत थांबली. मग सलग अकरा दिवस नोंद नाही. इतका मोठा कोरा काळ वहीत आधी कधी नव्हता. बाराव्या दिवशी: अंगठा, पाच-सहा वेळा, मनगट नाही.

डॉक्टरांना वही दाखवली. ते म्हणाले, हे चांगलं आहे, आणि हे किती टिकेल ते मला माहीत नाही. परत करावं लागेल. औषधातली गोळी आत्ता कमी करणार नाही. मी त्यांना विचारलं, की याला काय म्हणायचं. त्यांनी ‘कमी झाल्या’ असं म्हणायला सांगितलं. वहीत मी तेच शब्द लिहिले.

फाल्गुनात ताईने आईला सांगितलं, की पाडव्याच्या आदल्या दिवशी बाजारात ती एकटी बसेल. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “पाडव्याला गर्दी लय असती. कोण बघंल?”

“म्हणूनच त्या दिवशी. विहिरीवर नाही बसत, बाजारात बसते. पडले तर माणसं आहेत. आणि जमिनीवरच बसायचंय, ओट्यावर नाही.”

“आन हनुवटी?”

“ती माझी आहे.”

आई घरी थांबली. मला मात्र तिने पहाटे उठवून सांगितलं, की लांब उभा राहा आणि तिला दिसू नको. ताईने टेम्पोत चढताना मला सांगितलं, “चहाच्या टपरीवर थांब. तिथून दिसतं, आणि तिथला चहा बरा असतो.”

साडेसहाला ती जागेवर बसली. पुढे झेंडूचे ढीग, मांडीवर दोऱ्याचं रीळ, उजवीकडे शेवंतीची पाटी. शेजारी बसणाऱ्या हारवाल्या मावशी तिला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी पाटीकडे पाहिलं.

“आज तुझी आई लय बारीक झाली गं.”

“शेवंतीवर ठेवलीय तिला,” ताई म्हणाली.

सातनंतर गर्दी वाढली. मी टपरीवर होतो, मध्ये वीसएक पावलं होती. आईचे तीन फोन येऊन गेले होते.

आठ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी ताईचा उजवा अंगठा उडायला लागला. हातातला हार अर्धा होता. तिने दोरा दातात धरला, हार मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने उजवा अंगठा आवळून धरला. मी टपरीवरून निघालो आणि सहा पावलांवर थांबलो. शेजारच्या मावशी गुडघ्यावर उठल्या होत्या.

“धरू का गं?”

ताईने नकारार्थी मान हलवली. दातात दोरा होता, म्हणून बोलणं अस्पष्ट आलं. “धरलाय.”

डाव्या मुठीत अंगठा आठ वेळा उडाला. मनगट हललं नाही. मग अंगठा थांबला. तिने मूठ लगेच सोडली नाही. समोरच्या गिऱ्हाईकाने विचारलं, हार व्हायला वेळ आहे का. तिने दातातला दोरा काढला आणि दोन मिनिटं थांबा म्हणाली.

आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी तिने उजव्या हाताने पुढचं फूल उचललं.